जुना संच, नवे संकेत आणि भुर्दंड कोणाचा?

तंत्रज्ञान पुढे गेले की जुनी साधने आपोआप मागे पडतात, हा जणू सृष्टीचाच नियम आहे, अशा थाटात काही निर्णय जनतेच्या गळी उतरविले जातात. पाऊस पडतो, नद्यांना पूर येतो, तसे संच निकामी होतात. त्यात कोणाचा दोष नाही आणि म्हणून कोणाची जबाबदारीही नाही, असे सुचविले जाते. उपग्रहामार्फत घरोघर पोहोचणाऱ्या दूरचित्रवाणीच्या बाबतीत गेली काही वर्षे नेमके हेच चालले आहे. प्रक्षेपणाची जुनी पद्धत टप्प्याटप्प्याने मोडीत निघत आहे आणि ज्या घरात जुना सेट टॉप बॉक्स आहे, त्या घरातील पडद्यावरून एकेक वाहिनी नाहीशी होत आहे. प्रेक्षकाला मिळते ती फक्त सूचना: नवा संच घ्या.

नवे तंत्र वाईट आहे, असे म्हणण्याचा येथे मुळीच हेतू नाही. यंत्राला विरोध करणे हे कष्टकऱ्यांच्या हिताचे कधीच नव्हते व नाही. प्रश्न वेगळा आहे. या बदलाचा लाभ कोणाच्या पदरात पडतो आणि त्याचा खर्च कोणाच्या खिशातून वसूल होतो, हा तो प्रश्न आहे.

बदल नेमका कोणता?

उपग्रहावरून येणारे चित्र आकड्यांच्या रूपात येते. ते आहे तसे पाठवायचे तर उपग्रहाची सारी क्षमता काही मोजक्या वाहिन्यांतच संपून जाईल. म्हणून ते विशिष्ट गणिती पद्धतीने दाबून लहान करतात आणि घरातील सेट टॉप बॉक्स ते पुन्हा उलगडतो. १९९० च्या दशकात रूढ झालेल्या पद्धतीला ‘एमपेग-२’ म्हणतात. त्यानंतर आलेली ‘एमपेग-४’ ही पद्धत तेच चित्र साधारण निम्म्या जागेत बसविते. नव्या पद्धतीचा संच जुने संकेतही उलगडू शकतो. परंतु जुन्या संचाला नवे संकेत कळत नाहीत. छपरावरील छत्री तीच, उपग्रह तोच, आणि तरीही पडदा काळा, असा चमत्कार घडतो तो यामुळे.

यातील अर्थकारण समजून घेण्यास फारशा विद्वत्तेची गरज नाही. उपग्रहावरील ट्रान्सपाँडरचे भाडे फार मोठे असते. जेथे दहा वाहिन्या मावत होत्या, तेथे वीस मावू लागल्या, तर प्रत्येक वाहिनीमागचा खर्च निम्म्यावर येतो, किंवा तेवढ्याच भाड्यात दुप्पट माल विकता येतो. म्हणजे बचत प्रक्षेपण करणाऱ्याची होते. मात्र ही बचत शक्य व्हावी म्हणून जे नवे साधन घ्यावे लागते, ते प्रेक्षकाच्या घरात बसवायचे असते आणि त्याचे पैसे त्यानेच मोजायचे असतात. एकाच व्यवहारातील नफा एका बाजूला आणि भांडवली खर्च दुसऱ्या बाजूला, अशी ही सोयीस्कर विभागणी आहे.

जुन्याला आंधळे न करता नवे आणता येते

‘प्रगती हवी तर एवढी किंमत मोजलीच पाहिजे’, या युक्तिवादाला दूरचित्रवाणीचा इतिहासच उत्तर देतो. १९८२ साली आशियाई क्रीडास्पर्धांच्या वेळी आपल्या देशात रंगीत प्रक्षेपण सुरू झाले. त्या वेळी देशातील बहुतेक संच कृष्णधवल होते. त्यांतील एकही संच त्या दिवशी निकामी झाला नाही. कारण स्वीकारलेली ‘पाल’ पद्धतच अशी होती की, तोच संकेत रंगीत संचावर रंगीत आणि जुन्या संचावर कृष्णधवल दिसावा. ज्याला परवडले त्याने रंगीत संच घेतला; ज्याला परवडले नाही तो पुढे कित्येक वर्षे जुन्याच संचावर त्याच बातम्या पाहत राहिला.

ब्रिटनमध्ये १९६४ साली ६२५ रेषांचे प्रक्षेपण सुरू झाले. पण ४०५ रेषांचे जुने प्रक्षेपण तेथे १९८५ च्या जानेवारीपर्यंत समांतर चालू होते. वीस वर्षे! जेथे पद्धती परस्परांशी जुळत नाहीत, तेथे दोन्ही बरोबर चालवाव्या लागतात आणि तो भार प्रक्षेपण करणाऱ्या संस्थेने उचलावयाचा असतो, ही तेव्हाची समजूत होती.

उलट उदाहरणही आपल्याच देशात आहे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत ‘साइट’ हा प्रयोग झाला. आंध्र प्रदेश, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओरिसा व राजस्थान येथील शाळांत व पंचायतींत सामुदायिक संच बसविले गेले. शेती, आरोग्य, शिक्षण यांचे कार्यक्रम ग्रामीण जनतेने प्रथमच पाहिले. वर्ष संपले, उपग्रह परत गेला आणि त्या छत्र्यांना पकडण्यासाठी आकाशात संकेतच उरला नाही. जनतेच्या हातातील साधनाचे आयुष्य जेव्हा दुसऱ्याच्या निर्णयावर अवलंबून असते, तेव्हा काय होते याचा तो पहिला धडा होता. पन्नास वर्षांनंतरही तो आपल्या राज्यकर्त्यांनी गिरविलेला दिसत नाही.

मोफत छत्री आणि तिचे प्रेक्षक

आज या प्रश्नाचा सर्वांत मोठा संबंध येतो तो प्रसार भारतीच्या ‘डीडी फ्री डिश’ या सेवेशी. १६ डिसेंबर २००४ रोजी ‘डीडी डायरेक्ट प्लस’ या नावाने ३३ वाहिन्यांसह ती सुरू झाली. हिचे वैशिष्ट्य असे की, येथे मासिक वर्गणी नाही. छत्री आणि संच बाजारातून एकदा विकत घ्यायचा, सुमारे दोन हजार रुपये खर्च करायचे, की पुढे कोणाला काही द्यावे लागत नाही. सरकारी माहितीनुसार २०१८ साली ३ कोटी ३० लाख घरांत असलेली ही सेवा २०२४ साली सुमारे ४ कोटी ९० लाख घरांपर्यंत गेली. याच काळात वर्गणी घेणाऱ्या खाजगी डीटीएच कंपन्यांचे ग्राहक मात्र घटत गेले. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे ‘ट्राय’च्या, आकडेवारीप्रमाणे मार्च २०२१ मध्ये ते सुमारे ७ कोटी होते, मार्च २०२५ मध्ये ते ५ कोटी ७० लाखांच्या खाली आले. मोबाईल व इंटरनेट हे त्याचे एक कारण खरेच. पण महिन्याच्या बिलाला कंटाळलेले, किंवा ते भरणे अशक्य झालेले असंख्य लोक मोफत छत्रीकडे वळले, हेही तितकेच खरे.

हे प्रेक्षक कोण आहेत? बिहार, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, राजस्थान येथील लहान शेतकरी व शेतमजूर, शहरांच्या कडेला झोपड्यांत राहणारे बांधकाम मजूर, निवृत्तिवेतनावर जगणारे वृद्ध. इंदूर, बडोदे, हुबळी येथील मराठी कुटुंबांना ‘सह्याद्री’ वाहिनी मिळते तीही अनेकदा याच मार्गाने. यांच्यापैकी पुष्कळांनी दहा-पंधरा वर्षांपूर्वी घेतलेला एमपेग-२ पद्धतीचा संच अजून टिकवून धरला आहे. तो बिघडलेला नाही. तो बाद ठरत आहे तो केवळ आकाशातील संकेत बदलल्यामुळे.

आणि या जुन्या संचांचे मोल बाजाराला चांगले ठाऊक आहे! प्रसार भारती आपल्या मंचावरील जागा खाजगी वाहिन्यांना लिलावाने देते. आजवरच्या लिलावांत एमपेग-२ च्या जागेसाठी वाहिन्यांनी कोट्यवधी रुपये मोजले. एमपेग-४ च्या जागा त्या मानाने कितीतरी स्वस्तात गेल्या. याचा अर्थ उघड आहे. प्रेक्षक जुन्या संचांसमोर बसलेला होता आणि जाहिरातदाराला तो हवा होता. गरिबांच्या घरातील जुन्या खोक्यांच्या जोरावर एका सार्वजनिक संस्थेने वर्षानुवर्षे शेकडो कोटी रुपये मिळविले. मग ते खोके बदलण्याची वेळ येते तेव्हा त्याच उत्पन्नातील वाटा त्या घरांकडे का वळू नये?

यात शिक्षणाचाही प्रश्न आहे. ‘स्वयंप्रभा’ या शैक्षणिक वाहिन्या २०१७ मध्ये सुरू झाल्या. टाळेबंदीच्या काळात, मे २०२० मध्ये, ‘एक इयत्ता, एक वाहिनी’ अशी घोषणा झाली. शाळा बंद, घरात मोबाईल नाही, अशा मुलांसाठी ही सोय आहे, असे सांगण्यात आले. परंतु या वाहिन्या पाहण्यासाठी नव्या पद्धतीचे संकेत उलगडणारा संच लागतो. म्हणजे ज्या घरात जुना संच होता, त्या घरातील मुलाच्या छपरावर छत्री होती, आकाशात धडा होता, आणि तरीही तो त्याच्यापर्यंत पोहोचू शकत नव्हता. ज्याला सर्वाधिक गरज, तोच सर्वप्रथम वगळला जातो!

कागदावरचा नियम

खाजगी कंपन्यांच्या ग्राहकांची कथा आणखी बोलकी आहे. डीटीएच सेवेसाठी केंद्र सरकारने मार्च २००१ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. कंपनीने दिलेला संच खुल्या रचनेचा असावा आणि एका कंपनीचा संच दुसऱ्या कंपनीच्या सेवेसाठीही वापरता यावा, अशी स्पष्ट अट त्यांत होती. हेतू असा की, ग्राहक एकाच कंपनीच्या दावणीला बांधला जाऊ नये.

प्रत्यक्षात काय झाले? त्या वेळचे भारतीय मानक एमपेग-२ पद्धतीवर आधारलेले होते. २००३ पासून आलेल्या पहिल्या सेवा याच पद्धतीच्या होत्या. २००७ पासून बाजारात उतरलेल्या कंपन्यांनी एमपेग-४ स्वीकारले आणि दोन पिढ्यांच्या संचांत मेळ उरला नाही. त्यात प्रत्येक कंपनीचे कुलूप वेगळे, किल्ली वेगळी. अट कागदावर राहिली. अखेर एप्रिल २०२० मध्ये ‘ट्राय’ला पुन्हा शिफारस करावी लागली की, सेट टॉप बॉक्स सर्व कंपन्यांना चालणारे असावेत. २००१ साली जे बंधनकारक होते, त्याचीच एकोणीस वर्षांनी शिफारस! आजही सामान्य ग्राहकाला कंपनी बदलायची तर संच बदलावा लागतो. एखाद्या कंपनीने पद्धत बदलली तर तिचा ग्राहक अडतो. कंपनीच बंद पडली तर त्याच्या घरातील खोके म्हणजे निव्वळ कचरा.

हा कचराही कोणीतरी उचलतोच. दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्त्यांत टाकाऊ विद्युत उपकरणे हातांनी फोडून, जाळून त्यांतील तांबे वेगळे करणारे मजूर आहेत. प्रगतीच्या हिशेबवहीत त्यांच्या फुप्फुसांना रकाना नाही.

केबलच्या ग्राहकांनाही हा अनुभव आला आहे. २०११ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. ऑक्टोबर २०१२ पासून महानगरांत आणि मार्च २०१७ पर्यंत उर्वरित देशात सेट टॉप बॉक्स सक्तीचा झाला. ‘हवी ती वाहिनी घ्या, तेवढेच पैसे द्या’ असे आमिष दाखविण्यात आले. फेब्रुवारी २०१९ पासून नवे दर आले तेव्हा एकही सशुल्क वाहिनी न घेता पहिल्या शंभर वाहिन्यांच्या जागेचेच १३० रुपये व वर कर असे शुल्क ठरले. दूरदर्शनची जमिनीवरील जुनी प्रक्षेपण केंद्रेही मोक्याच्या ठिकाणची सुमारे पन्नास वगळता मार्च २०२२ पर्यंत बंद करण्याचे ठरले. साध्या अँटेनावर फुकट चित्र मिळण्याचा मार्ग अशा रीतीने बुजत गेला. त्यामुळे गरिबाला मोफत छत्री हाच शेवटचा आधार उरला आणि आता तीच डळमळीत होत आहे.

पैसा कोणी द्यावा?

‘सरकार कोठवर पुरणार?’ असे विचारले जाते. याबाबत समाजवादाचे नावही न काढणाऱ्या देशांचे वर्तन पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत जून २००९ मध्ये जुने अॅनालॉग प्रक्षेपण बंद झाले. त्यापूर्वी तेथील सरकारने मागेल त्या घराला प्रत्येकी ४० डॉलरची दोन कुपने नवा संच घेण्यासाठी दिली. कुपनांचा पैसा अपुरा पडला, तेव्हा मूळ मुदत फेब्रुवारीवरून जूनपर्यंत पुढे ढकलण्यात आली. ब्रिटनमध्ये ७५ वर्षांवरील वृद्ध व अपंग यांच्यासाठी २००८ ते २०१२ या काळात घरी येऊन संच बसवून देण्याची योजना होती. बाजारपेठेचे गोडवे गाणाऱ्या सरकारांनाही हे उमगले होते की, आपण होऊन बंद केलेल्या खिडकीची भरपाई आपणच केली पाहिजे.

आपल्याकडे जानेवारी २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘बाइंड’ या नावाची योजना मंजूर केली. आकाशवाणी व दूरदर्शनच्या आधुनिकीकरणासाठी २०२५-२६ पर्यंत २,५३९ कोटी ६१ लाख रुपये ठरविण्यात आले. त्यात दुर्गम, आदिवासी व सीमावर्ती भागांत आठ लाखांहून अधिक संच मोफत वाटण्याची तरतूद होती. चांगलेच आहे, पण ४ कोटी ९० लाख घरांपुढे आठ लाख संच म्हणजे साठ घरांत एक. समजा, केवळ एक कोटी घरांना नवा संच घ्यावा लागला आणि प्रत्येकी हजार रुपये लागले, तरी तो एक हजार कोटी रुपयांचा बोजा होतो. जाहीर न केलेला, संसदेत कधीच न मांडलेला हा करच आहे. आणि तो अशा घरांवर आहे, जेथे हजार रुपये म्हणजे शेतमजुराची तीन-चार दिवसांची कमाई.

राज्य सरकारांना काहीच करता येत नाही, हेही खरे नाही. तामिळनाडूत राज्य सरकारच्या ‘अरसू’ केबल निगमाने २०१७ पासून ग्राहकांना संच मोफत दिले. त्याच निगमाचे लाखो संच नोव्हेंबर २०२२ मध्ये सॉफ्टवेअर पुरविणाऱ्या कंत्राटदाराशी झालेल्या वादामुळे एकाएकी बंद पडले, हेही लक्षात ठेवले पाहिजे. खोके सार्वजनिक असून भागत नाही. त्याची किल्लीही सार्वजनिक हातांत असावी लागते.

या दृष्टीने ‘ट्राय’ची जुलै २०२४ मधील एक शिफारस काळजीपूर्वक तपासली पाहिजे. मोफत छत्रीचा मंच टप्प्याटप्प्याने अशा व्यवस्थेत न्यावा की जेथे संकेतांना कुलूप असेल आणि प्रत्येक संचाची नोंद राहील, प्रारंभी खाजगी वाहिन्यांना हे लागू करावे, असा तिचा आशय आहे. प्रेक्षकांची संख्या नेमकी कळावी, चोरी थांबावी, ही कारणे वरवर निर्दोष दिसतात. परंतु आज कुलूप बसले की उद्या किल्लीचे भाडे मागता येते. बाजारातून विकत घेतलेला साधा, खुला संच निरुपयोगी करून, ठराविकच संच घेण्याची सक्ती झाली, तर ‘मोफत’ हा शब्द तेवढा उरेल.

काही जण म्हणतील, आता प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे, दूरचित्रवाणीचे एवढे काय? असे म्हणणाऱ्याने एका फोनवर पाच माणसांचे घर कसे बातम्या पाहते, हे जरूर पाहावे. मोबाईलचा डेटा दर महिन्याला विकत घ्यावा लागतो. छत्रीला तो लागत नाही. वादळाचा इशारा, हमीभाव, निवडणुकीची बातमी ही वर्गणीदाराची चैन नसून नागरिकाचा हक्क आहे. नवे दूरचित्रवाणी संच आतच उपग्रह-ग्राहक बसवून यावेत यासाठी भारतीय मानक ब्युरोने मानक तयार केले आहे, तेही स्वागतार्ह. पण त्याचा उपयोग नवा संच विकत घेणाऱ्यालाच.

मागणी स्पष्ट हवी

फेब्रुवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हवेतील लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्वाळा दिला. मालमत्ता जर जनतेची, तर तिचा वापर बदलताना जनतेला बाहेर काढता येणार नाही, हे ओघानेच येते. या तत्त्वावर काही मागण्या ठामपणे मांडल्या पाहिजेत.

पहिली, दूरदर्शनच्या सर्व सार्वजनिक व शैक्षणिक वाहिन्या जुन्या पद्धतीने पाहणारी घरे किती आहेत, याची राज्यवार पाहणी करून ती प्रसिद्ध करावी आणि त्यापूर्वी जुने प्रक्षेपण बंद करू नये. दुसरी, प्रसार भारतीला लिलावातून मिळणाऱ्या उत्पन्नाचा निश्चित भाग स्वतंत्र निधीत ठेवून, शिधापत्रिकेच्या आधारे गरीब कुटुंबांना नवा संच जुन्याच्या बदल्यात विनामूल्य द्यावा आणि जुना संच परत घेऊन त्याची रीतसर विल्हेवाट लावावी. तिसरी, खाजगी कंपनीने स्वतःच्या सोयीसाठी पद्धत बदलली, तर संचाचा व तो बसविण्याचा सारा खर्च कंपनीनेच करावा आणि संच सर्व कंपन्यांना चालेल असाच असावा, ही २००१ ची अट दंडाच्या तरतुदीसह अमलात आणावी. चौथी, मोफत छत्रीवरील संकेत खुले राहावेत.

या मागण्यांत अवास्तव असे काही नाही. १९८२ साली कृष्णधवल संचाच्या मालकाला जे न मागता मिळाले होते, तेवढेच आज मागितले जात आहे. कामगार, शेतमजूर, महिला व ग्राहक यांच्या संघटनांनी हा प्रश्न क्षुल्लक मानून बाजूला सारता कामा नये. वेगवेगळ्या घरांत, वेगवेगळ्या दिवशी काळा होणारा पडदा प्रत्येकाला स्वतःचे खाजगी दुर्दैव वाटतो. तो एकाच धोरणाचा परिणाम आहे, हे वस्त्यावस्त्यांत जाऊन सांगितले पाहिजे आणि जुने प्रक्षेपण बंद होण्याआधीच त्या धोरणाचा जाब विचारला पाहिजे.